टर्बो पेट्रोल इंजिनाला १०० ऑक्टेनचा खरा फायदा किती?

घाटमाथा (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मागच्या वर्षी मी २०१८ सालची एक युरोपीय बनावटीची सेडान वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातून घेतली. इंजिन दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे. रिमॅप (इंजिनाच्या संगणकातल्या आकड्यांत बदल), मोठा इंटरकूलर, वेगळा एक्झॉस्ट असे काहीही केलेले नाही. इंधनाच्या झाकणाच्या आत 'किमान ९५ आरओएन' (रिसर्च ऑक्टेन नंबर) अशी पट्टी चिकटवलेली आहे. मी पुण्यात राहतो. रोजचे चालवणे शहरातले, आणि महिन्यातून एखाद्या वेळी ताम्हिणी किंवा वरंधा घाटात फेरी होते.

गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांनी बजावले होते की या इंजिनात १०० ऑक्टेनशिवाय दुसरे काही घालायचे नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागारांचे म्हणणे असे की साधे पेट्रोल घातले तरी गाडीचे काही बिघडत नाही. मधल्यामध्ये ९५ ऑक्टेनचे 'प्रीमियम' आहेच. इंडियन ऑइलचे १०० ऑक्टेनचे पेट्रोल एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आले तेव्हा त्याचा भाव लिटरला १६० रुपयांच्या घरात होता, आणि साध्या पेट्रोलच्या व त्याच्या भावातली दरी आजही लिटरमागे पन्नास रुपयांहून मोठी आहे. चाळीस लिटर भरायचे म्हटले तर प्रत्येक वेळी दोन हजारांहून जास्त रुपये अधिक मोजायचे. पैसे मोजायला माझी हरकत नाही, पण ते कशासाठी मोजतो आहोत हे समजून घ्यायचे आहे.

न बदललेल्या टर्बो इंजिनात १०० ऑक्टेनने शक्ती खरोखर वाढते का, हा माझा मुख्य प्रश्न. त्याला जोडून दुसरा: आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, त्यामुळे हे गणित बदलले आहे का? 'मला पिकअप चांगला वाटला' यापेक्षा कारणांसह उत्तर मिळाले तर फार आभारी राहीन.

---

दट्ट्या

घाटमाथा, माझी बरीच वर्षे इंजिन कॅलिब्रेशनच्या कामात गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ऑक्टेनच्या आकड्याचा इंधनातल्या ऊर्जेशी थेट संबंध नाही. दाब आणि उष्णता वाढत असताना इंधन आपणहून पेट घेण्याला किती वेळ दाद देत नाही, एवढेच तो आकडा सांगतो. सिलिंडरमध्ये प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत मध्यापासून कडेकडे पसरत जाते. तिच्या पुढे, भिंतीलगत जे मिश्रण अजून जळायचे असते ते या पसरणाऱ्या वायूने आणखी दाबले जाते आणि तापते. ज्योत तिथवर पोहोचण्याआधीच ते एकदम पेटले तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, आणि त्यालाच आपण इंजिन नॉक करते आहे असे म्हणतो. चढावर जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतून येणारा 'टर्रर्र' आवाज अनेकांच्या कानात असेल, तो हाच.

आकडा ठरवण्याची रीत फार जुनी आहे. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० असे धरायचे, दोन्हींचे मिश्रण करून एका ठरावीक एक-सिलिंडर इंजिनात चालवायचे, त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन चालू स्थितीत कमीजास्त करता येते त्याचा उपयोग करून नमुन्याच्या पेट्रोलचा ठोका (नॉक) कोणत्या मिश्रणाशी जुळतो ते पाहायचे. ही चाचणी मिनिटाला ६०० फेऱ्यांवर घेतली की आरओएन मिळतो, आणि ९०० फेऱ्यांवर, बऱ्याच तापवलेल्या मिश्रणावर घेतली की एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर). आपल्या पंपांवर लिहिलेला आकडा आरओएन असतो.

आता तुमच्या इंजिनाकडे येऊ. त्याच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेला असतो, जो काही हजार हर्ट्झच्या विशिष्ट पट्ट्यातले कंपन ऐकतो. ठोका सुरू झाल्याची चाहूल लागली की ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) त्या सिलिंडरची ठिणगी क्रँकशाफ्टच्या फेरीतल्या काही अंशांनी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण किंमत मोजावी लागते. जळण्याची क्रिया उशिरा सुरू झाल्याने दाबाने पिस्टनवर पुरेसे काम करण्याआधीच पिस्टन खाली निघालेला असतो. उरलेली उष्णता एक्झॉस्टमधून टर्बोकडे जाते. ती मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून ईसीयू जादा पेट्रोल ओततो, आणि गरज पडली तर बूस्टही (टर्बोने हवेला दिलेला जादा दाब) कमी करतो. म्हणजे शक्ती घटते आणि अॅव्हरेजही घटते. ९५ मागणाऱ्या इंजिनात ९१ घातल्यावर पूर्ण थ्रॉटलला हेच घडते. संथ गतीने कर्वे रस्त्यावरून जाताना मात्र सिलिंडरमधला दाब इतका कमी असतो की ९१, ९५ आणि १०० यांत ईसीयूला काहीही फरक करावा लागत नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे.

उलट दिशेने पाहा. ईसीयूतल्या मॅपमध्ये, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, प्रत्येक फेऱ्यांच्या आणि भाराच्या जोडीसाठी ठिणगी जास्तीत जास्त किती आधी पाडायची याची वरची मर्यादा लिहिलेली असते. इंधन त्या मर्यादेपर्यंत पोहोचू देत असेल तर त्याहून जास्त ऑक्टेनचे करायला ईसीयूकडे काही काम उरत नाही. युरोपातल्या काही तापट इंजिनांचा मॅप ९८ आरओएन गृहीत धरून लिहिलेला असतो आणि ९५ चालवून घेतले जाते; अशा गाडीत ९५ वरून पुढे गेल्यावर, विशेषतः उन्हाळ्यात, थोडी शक्ती मिळते. तुमची पट्टी 'किमान ९५' म्हणते, म्हणून फायदा असेल तर तो ९५ आणि ९८ यांच्यामधला, गरम हवेत, पूर्ण भारावर, आणि काही टक्क्यांचा. ९८ च्या पुढच्या दोन आकड्यांसाठी न बदललेले इंजिन तुम्हाला काहीही परत देणार नाही.

यासाठी इतिहासातले एक उदाहरण मला नेहमी आठवते. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचे इंधन मिळू लागले, तेव्हा रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाची शक्ती सुमारे १,०३० वरून १,३१० अश्वशक्तीवर गेली. पण ती इंधन बदलल्याने आपोआप गेली नाही. नव्या इंधनाच्या भरवशावर सुपरचार्जरचा बूस्ट सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत नेण्याची परवानगी देण्यात आली, म्हणून गेली. इंधनाने मोकळी केलेली जागा कोणीतरी वापरावी लागते, आणि आज ते काम मॅप करतो.

इथेनॉलच्या मुद्द्यावर वेगळा प्रतिसाद लिहितो, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे.

---

रारिटनकाठ

मी न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे एक सूचना आधीच करून ठेवतो. भारतातले वाचक अमेरिकेतल्या मंचांवर '९१ घाला', '९३ घाला' असे वाचतात आणि तोच आकडा पुण्याच्या पंपावर शोधतात. इथला आकडा आरओएन आणि एमओएन यांची सरासरी असतो. म्हणून इथले ८७ म्हणजे तुमचे साधारण ९१-९२, इथले ९१ म्हणजे तुमचे ९५-९६, आणि इथले ९३ म्हणजे तुमचे जवळपास ९८. इथला एखादा चालक 'मी ९१ वर गाडी चालवतो' म्हणतो तेव्हा तो तुमच्या ९५ च्या प्रीमियमबद्दल बोलत असतो.

मोजून पाहिलेली माहिती हवी असेल तर अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने केलेल्या चाचण्या उपयोगी आहेत. ज्या गाड्यांना साधे पेट्रोल पुरते असे निर्माता सांगतो त्यांच्यावर २०१६ मध्ये प्रीमियम वापरून पाहिले, तेव्हा लक्षात घेण्यासारखा फायदा आढळला नाही. पुढच्या वर्षी, प्रीमियमची 'शिफारस' असलेल्या पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या, तेव्हा सरासरी अॅव्हरेज २.७ टक्क्यांनी आणि अश्वशक्ती १.४ टक्क्यांनी वाढली. सरासरीच्या पोटात गाडीगणिक बराच फरक होता, हेही तितकेच महत्त्वाचे. काही इंजिनांनी अंतर स्पष्ट दाखवले, काहींनी जवळजवळ नाही. २३० अश्वशक्तीचे १.४ टक्के म्हणजे तीनच्या थोडे वर. तीन अश्वशक्ती चालवणाऱ्याच्या पाठीला जाणवत नाहीत.

---

सह्यवाट

दट्ट्या यांच्या म्हणण्याला प्रत्यक्षातली जोड देतो. माझ्याकडे छोट्या टर्बो इंजिनाची हॅचबॅक आहे आणि तिच्यावर पहिल्या टप्प्याचा रिमॅप केलेला आहे. ओबीडीच्या (गाडीतले दोष तपासण्याच्या) सॉकेटमध्ये डोंगल हे छोटे उपकरण लावून प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंशांनी मागे ओढली गेली, म्हणजे उशिरा पाडली गेली, हे मोबाइलवर पाहता येते, आणि या वादात माझा विश्वास फक्त त्या आकड्यावर आहे.

मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, खंबाटकीच्या चढावर केलेल्या नोंदी माझ्याकडे आहेत. घाटाच्या पायथ्याशी वाहतुकीत थांबून राहिल्यावर इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान साठ अंशांच्या पुढे गेलेले असते. तिथून तिसऱ्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांपासून थ्रॉटल पूर्ण दाबला की साध्या पेट्रोलवर चारपैकी दोन सिलिंडर लगेच तीन-चार अंश मागे जातात आणि मागेच राहतात. १०० ऑक्टेनवर त्याच चढावर, तशाच हवेत, ओढ शून्य ते एक अंशाच्या आसपास राहते. हा फरक गाडीत बसल्यावरही कळतो: वरच्या फेऱ्यांत इंजिन गुदमरत नाही. जानेवारीच्या पहाटे मात्र ताम्हिणीत दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत.

घाटमाथा, तुम्हाला माझा सल्ला असा की कोणाचेही ऐकण्याआधी तुमच्याच गाडीच्या नोंदी घ्या. ९५ वर भर उन्हात तुमचे इंजिन ठिणगी मागे ओढत नसेल तर १०० चा प्रश्न तिथेच मिटला. ओढत असेल तर किती, हे पाहून ठरवा. एक काळजी घ्यावी लागते: टाकीत आधीचे पेट्रोल शिल्लक असते आणि ईसीयूने शिकलेल्या सुधारणा लगेच पुसल्या जात नाहीत, म्हणून इंधन बदलल्यावर टाकी बरीचशी संपेपर्यंत थांबून मगच तुलना करावी. पंपातून बाहेर पडल्यापडल्या जो फरक 'जाणवतो' तो इंजिनातला नसतो.

---

दट्ट्या

आता इथेनॉल.

आपल्याकडे साधे पेट्रोल पूर्वी ८८ आरओएनचे असे, नंतर ते ९१ झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या खुलाशात म्हटले आहे की वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणामुळे तो आकडा ९५ पर्यंत गेला आहे. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या वर आहे, तेव्हा यात नवल नाही. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ९५ मागणाऱ्या गाडीच्या मालकाला प्रीमियम घ्यावेच लागे, आज साध्या नळीतूनच जवळपास तेवढे ऑक्टेन मिळते. साधे आणि ९५ यांत लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देण्यामागचे ऑक्टेनचे कारण बरेच क्षीण झाले आहे; उरतात ती त्यातली सफाईची द्रव्ये.

थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनाला इथेनॉलचा आणखी एक फायदा मिळतो, जो आकड्यात पूर्ण दिसत नाही. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता खेचतो, आणि इथेनॉल ही उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खेचते. इंजेक्टर सिलिंडरच्या आतच फवारा मारत असेल तर आतली हवा थंड होते आणि नॉकची शक्यता घटते. निव्वळ नॉकच्या दृष्टीने बोलायचे तर आजचे साधे पेट्रोल तुमच्या इंजिनाला २०१८ मधल्या साध्या पेट्रोलपेक्षा चांगले आहे, हे वाचून अनेकांना राग येईल याची मला कल्पना आहे.

राग येण्याचे कारणही खोटे नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. चांगल्या ऑक्टेनचा उपयोग करून घेणारा मॅप यातले थोडे भरून काढतो, जुना मॅप फारसे काढत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींची इंधन-कार्यक्षमता वीस टक्क्यांवर ६ ते ७ टक्के घटेल असाच अंदाज दिलेला आहे.

आणि इथेच १०० ऑक्टेनबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज जन्माला येतो. एक्सपी १०० इथेनॉल न मिसळता विकले जाते. ते भरणाऱ्या माणसाला अॅव्हरेज वाढलेले दिसते, आणि ते खरेच वाढलेले असते, पण तो श्रेय ऑक्टेनला देतो. त्या वाढीचा बहुतेक भाग इथेनॉल नसल्याचा आहे. उद्या कोणी इथेनॉल नसलेले ९५ विकायला काढले तर न बदललेल्या इंजिनात तेही अॅव्हरेज जवळपास तेवढेच वाढवून दाखवेल. पैशाच्या हिशेबात हे टिकत नाही, कारण सात टक्के ऊर्जेसाठी भाव दीडपट मोजावा लागतो. पण 'शक्ती वाढली' आणि 'लिटरमधली ऊर्जा वाढली' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय या विषयावरची कोणतीही चर्चा पुढे सरकत नाही.

---

गोवेस_ड्राइव्ह

एवढ्या हिशेबात एक बाजू सुटते आहे असे मला वाटते. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावला मी नियमित जातो, आणि १०० ऑक्टेन भरल्यावर माझी गाडी अधिक मऊ चालते, आवाज कमी होतो, गिअर बदलताना धक्का बसत नाही. माझ्याकडे डोंगल नाही आणि मला ते लावायचेही नाही. ज्याला परवडते त्याने चांगले इंधन भरावे. त्याने इंजिनाचे आयुष्य वाढतेच ना?

---

अप्पांचे_गॅरेज

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात इंजिने उघडण्याचे काम करतो, आणि इंजिनाच्या आयुष्याचा विषय निघाला म्हणून लिहितो.

गोवेस_ड्राइव्ह साहेब, गाडी मऊ वाटणे मी नाकारत नाही, पण गिअर बदलताना बसणारा धक्का ऑक्टेनने जात नाही. एकदा गिअरबॉक्सचे तेल आणि इंजिनाचे माउंट तपासून घ्या. इंजिनाचे आयुष्य म्हणाल तर ते ऑक्टेनपेक्षा दुसऱ्या तीन गोष्टींवर जास्त ठरते, आणि त्या गोष्टींकडे लोक बघत नाहीत.

पहिली गोष्ट तेल. छोट्या आणि मध्यम थेट-इंजेक्शन टर्बो इंजिनांत, कमी फेऱ्यांवर वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दाबला की कधीकधी ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटते. हा नेहमीचा नॉक नसतो. सिलिंडरच्या भिंतीवरच्या तेलाचा थेंब किंवा सुटलेला कार्बनचा कण याला कारण होतो, आणि एका फटक्यात पिस्टन जाऊ शकतो. नॉक सेन्सरने ठिणगी मागे ओढून यावर उपाय होत नाही, कारण पेटवणारी ठिणगीच नसते, आणि यात १०० ऑक्टेनच्या भरवशावरही राहता येत नाही. यासाठीच अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची (एपीआय) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही तेलाची नवी मानके आली. माझ्याकडे येणारे काही ग्राहक दर आठवड्याला महागडे पेट्रोल भरतात आणि तेल मात्र जुन्या मानकाचे, तेही मुदतीच्या पुढे ओढतात. त्यांना मी स्पष्ट सांगतो की पेट्रोलमधले हजार रुपये वाचवा आणि तेलात घाला. आणि घाटात पाचव्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर गाडी ढकलू नका, एक गिअर खाली घ्या.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हवरचा कार्बन. प्रीमियम पेट्रोलमधली सफाईची द्रव्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवतात, हे मी उघडलेल्या इंजेक्टरवर पाहिलेले आहे. पण थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, ते सिलिंडरमध्ये शिरते. मग व्हॉल्व्हच्या मागे साचलेला काळा थर कोणत्याही ऑक्टेनने धुतला जाणार नाही. तो इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) काढून, अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करूनच काढावा लागतो. तुमच्या २०१८ च्या गाडीचा मॅनिफोल्ड कधी उघडलेला नसेल तर, घाटमाथा साहेब, त्या कामाने जो पिकअप परत येईल तो कोणत्याही पेट्रोलने येणार नाही.

तिसरी गोष्ट मात्र ऑक्टेनशी संबंधित आहे आणि ती रिमॅप केलेल्यांसाठी आहे. १०० ऑक्टेनवर बेतलेला मॅप घालून घ्यायचा आणि रात्री महामार्गावर मिळेल ते भरून पुढे निघायचे, हा प्रकार मी पाहिलेला आहे. त्या गाडीचा पिस्टन माझ्या टेबलावर आला तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली पट्टी एका बाजूने बोटभर तुटलेली होती, माथ्यावर कडेला वाळूने घासल्यासारखे बारीक खड्डे पडलेले होते आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते. सेन्सर होता, ईसीयू होता, पण बूस्ट इतका वर नेलेला होता की मागे ओढायला जागा पुरली नाही. १०० ऑक्टेन कुठे अत्यावश्यक आहे असे मला कोणी विचारले तर मी त्या पिस्टनकडे बोट दाखवेन.

---

घाटमाथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सह्यवाट यांच्या सांगण्याप्रमाणे डोंगल मागवले आहे. अप्पा, मॅनिफोल्ड याआधी उघडल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदपत्रांत कुठेही नाही, तेव्हा ते काम आधी करून घेतो.

दोन शंका उरल्या. एक, साधे आणि १०० अर्धेअर्धे मिसळून भरले तर चालते का? आणि दुसरी, कामानिमित्त बाहेर गेल्यावर पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहते. टाकीत कोणते पेट्रोल ठेवून जावे? शिवाय पंपावर खरोखर १०० ऑक्टेनच मिळाले हे ग्राहकाने ओळखायचे कसे? घनता तपासता येते असे ऐकले आहे.

---

सह्यवाट

घनतेपासून सुरुवात करतो. पंपावर हायड्रोमीटर आणि तापमापक मागून घनता तपासण्याचा आपल्याला हक्क आहे आणि तो वापरावा. पण मानकाप्रमाणे पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला ७२० ते ७७५ किलोग्रॅम प्रति घनमीटर या पट्ट्यात कुठेही असू शकते, आणि घनतेवरून ऑक्टेन कळत नाही. त्या दिवशीच्या नोंदवहीतल्या घनतेशी मोजलेली घनता जुळते का, एवढेच कळते. म्हणजे भेसळीचा संशय फिटतो. ऑक्टेन प्रयोगशाळेशिवाय मोजता येत नाही. तुमच्यापुरती खात्री तुमच्या ईसीयूच्या नोंदीच देतील. खप चांगला असलेला एक पंप निवडावा आणि शक्यतो तोच ठेवावा, हे मी पाळतो.

---

दट्ट्या

मिसळण्याला काहीही हरकत नाही. आरओएन साधारणपणे प्रमाणात जुळतो, म्हणून वीस लिटर ९५ आणि वीस लिटर १०० यांचे मिश्रण ९७-९८ च्या जवळ जाते, आणि इथेनॉल वीसवरून दहा टक्क्यांवर येते. तुमची गाडी ज्या काळातली आहे तो पाहता दहा टक्के इथेनॉल ही तिच्या नळ्या-सीलांनाही अधिक ओळखीची स्थिती आहे; वीस टक्क्यांशी सुसंगत गाड्या आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून येऊ लागल्या. मे महिन्यात घाटाचा बेत असेल तेव्हा असे अर्धेअर्धे भरणे मला पूर्ण टाकी १०० ने भरण्यापेक्षा जास्त पटते, कारण तुमच्या मॅपला उपयोगी पडणारे ऑक्टेन तुम्हाला निम्म्या जादा खर्चात मिळते.

गाडी उभी ठेवण्याच्या बाबतीत मात्र मी १०० ची शिफारस करीन, आणि त्यामागचे कारण ऑक्टेन नाही. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. कोकणपट्टीतल्या किंवा पुण्यातल्या पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे उभी राहिली आणि पाणी पुरेसे साचले तर ते इथेनॉलसह खाली वेगळे बसू शकते. हल्लीच्या बंद टाक्यांत याची भीती जुन्या गाड्यांपेक्षा कमी आहे, तरी निघण्याआधी टाकीतले पेट्रोल बरेचसे संपवून इथेनॉल नसलेल्या इंधनाने ती काठोकाठ भरावी, थोडे अंतर चालवून नळ्यांमध्ये आणि इंजेक्टरपर्यंत तेच इंधन पोहोचू द्यावे आणि मग गाडी उभी करावी. भरण्याआधी पंपावर त्या मालात इथेनॉल नसल्याची खात्री करून घ्या.

रोजच्या शहरी चालवण्यासाठी साधे किंवा ९५, जे त्या चांगल्या खपाच्या पंपावर मिळेल ते. डोंगलच्या नोंदी आल्या की इथे टाका. साध्या आणि ९५ वर भर दुपारच्या ओढीत फरक दिसतो का, हे मला स्वतःला पाहायचे आहे.